डबा रिकामा द्यायचा नसतो

चहा-साखरेच्या डब्यांमागे, भिंतीकडे तोंड करून, एक छोटा स्टीलचा डबा सात आठवडे माझ्या स्वयंपाकघरात उभा होता. तोंड भिंतीकडे, कारण त्यावर नाव कोरलेलं होतं. भांड्यांच्या दुकानात टर्रर्र करत मशीननं घालून देतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं, शेवटच्या अक्षराशी जरा घसरलेलं. ते नाव माझं नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांचं ते कुणालाही, अगदी नवऱ्यालाही, सांगायचं नाही अशा कागदावर मी सही केलेली आहे. त्यामुळे नवरा चहा टाकायला आला की मी उगाच त्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहायची. साखर मीच काढून द्यायची. एका भांड्याची गोपनीयता राखत बसलेली बाई अख्ख्या न्यूयॉर्क राज्यात मी एकटीच असेन.

घडलं ते एवढंसं. मार्च महिना, फुटपाथच्या कडेला वितळून पुन्हा गोठलेला काळा बर्फ. मी जिथे इंटर्न होते ते मानसिक आरोग्याचं क्लिनिक क्वीन्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीच्या अगदी बरोबरीनं रूझवेल्ट अव्हेन्यूवरचा 7 नंबरच्या मेट्रोगाडीचा लोखंडी पूल. गाडी आली की खोलीतला पाण्याचा ग्लाससुद्धा हलतो आणि बोलणारा माणूस आपोआप थांबतो. त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं संपली होती. काकू उठल्या, कापडी पिशवीतून डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. 'बेसनाचे आहेत. या खेपेला दाणेदार झालेत.' आणि मी, सांगलीची मुलगी, जिनं आयुष्यात कुणी पुढे केलेल्या डब्याला हात लावायला अर्धा क्षणही लावलेला नाही, ती म्हणाले, 'काकू, थांबा हं, मला आधी माझ्या सुपरव्हायजरना विचारावं लागेल.' त्यांचा हात तसाच हवेत. तेवढ्यात गाडी आली. ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या. मग त्या म्हणाल्या, 'विचार बाई. विषबिष नाही घातलेलं.' डबा टिश्यूच्या खोक्याशेजारी ठेवून त्या निघून गेल्या.

मी त्यांना इथे काकू म्हणते. ओळख पटेल असं जे जे होतं ते सगळं बदललंय. वय, गाव, घरातली माणसं, लाडवाचा प्रकारसुद्धा. डबा तेवढा खरा.

पंधरा वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टीत कुठे काय मोडतंय ते शोधायचं आणि तक्रार नोंदवायची. मग एका शुक्रवारी कंपनीनं माझीच नोंद पुसली, आणि वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी मी मेंटल हेल्थ कौन्सेलिंगच्या मास्टर्सला नाव घातलं. नातेवाइकांनी विचारलं, 'म्हणजे सायकॉलॉजिस्ट?' नाही. 'मग सोशल वर्क?' तेही नाही. इथे ही तिसरीच जात आहे. न्यूयॉर्कमध्ये तिचं नाव एलएमएचसी, लायसन्स्ड मेंटल हेल्थ कौन्सेलर. नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं की त्याच माणसाला एलपीसी म्हणतात. 60 क्रेडिटचा अभ्यासक्रम, त्यात आमच्याकडे 100 तास प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, आणि 600 तास इंटर्नशिप, पदवीनंतर तात्पुरत्या परमिटवर 3,000 तासांचं काम, त्यातले निदान 1,500 थेट माणसासमोर बसून, आणि वर लायसन्सची परीक्षा. इंटर्नशिपला पगार नाही. उलट त्या क्रेडिटची फी आपणच भरायची. माझ्या सासूबाईंनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पहिल्या सेमिस्टरला तिघातिघांचे गट पाडतात. एक कौन्सेलर, एक क्लायंट, एक नुसता बघणारा. समोरचा बोलत असताना 'म्हम्', 'हं' म्हणणं, मान हलवणं, याला 'मिनिमल एन्करेजर' असं भारदस्त नाव आहे, त्याची रीतसर तालीम होते आणि मार्क मिळतात. मला हसू आवरेना. सांगलीला गच्चीवर मच्छरदाणीत आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावाच लागायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. अंधारात तिला आमची तोंडं दिसत नसत, पण कुणाचा 'हूं' भीतीचा, कुणाचा झोपेतला, कुणाचा नुसता द्यायचा म्हणून दिलेला, हे तिला बरोबर कळायचं. खोटा हुंकार आला की ती मधेच विचारायची, 'मग राक्षस कुठं गेला, सांग बघू?' आमच्या प्रोफेसरबाई नेमकं हेच करायच्या, फक्त त्याला 'समराइझ करून दाखव' म्हणायच्या. माझा हुंकार वर्गात सगळ्यात चांगला होता, हे मी अजूनही लोकांना सांगते.

पुढचं मात्र जमेना. हुंकार झाला की माझ्या तोंडून सल्ला बाहेर पडायचा. मराठीत या कामाला समुपदेशन म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात उपदेश मांडी घालून बसलेला आहे. इकडे पहिल्याच दिवशी सांगतात, उपदेश सोडून काहीही कर. प्रॅक्टिकममधलं एक सेशन परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचं असतं. मी उतरवलं. त्यात मी चौदा वेळा सल्ला दिला होता. त्यातल्या तीन वाक्यांची सुरुवात 'तू असं कर ना' अशी होती, फक्त इंग्रजीत. माझ्याच आवाजात माझी आई बोलत होती. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1957 साली मांडून ठेवलंय की समोरचा बदलायला काय पुरतं, तर ऐकणाऱ्याचा खरेपणा, त्याची समज, आणि विनाअट स्वीकार. आमच्या घरात विनाअट स्वीकार फक्त मांजराचा झाला होता, आणि त्यालाही दूध ओतताना आई दोन शब्द सुनवायची.

टिश्यूचंही तसंच. माणूस रडायला लागला तर खोका पुढे सरकवायचा नाही. हाताशी असू दे, त्याला वाटलं तर तो घेईल. तू पुढे केलास तर त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होऊ शकतो. हे वाचलं तेव्हा मला एकदम आमच्या घरातला पितळी तांब्या आठवला. कुणी रडायला लागलं की पहिल्यांदा तांब्याभर पाणी यायचं. 'घे, पाणी पी आधी.' पाणी पिताना रडता येत नाही, ही युक्ती कुणी शोधली असेल? रडणं थांबायचं खरं. कशासाठी रडत होतो ते विचारायचं मात्र राहून जायचं.

काकूंचं पहिलं सेशन तर मी कधी विसरणार नाही. क्लिनिकमध्ये मराठी येणारी मी एकटी, म्हणून त्यांची फाईल माझ्याकडे आली. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात. सत्तरीतली बाई आणि तिशीतला कौन्सेलर, दोघंही एकेरीवर. मी आरशासमोर त्यांचं नुसतं नाव उच्चारून पाहिलं. जीभ उचलेना. त्या आल्या, बसल्या, पदर सारखा केला आणि मी गोपनीयतेचा कागद वाचायला घेणार तोच म्हणाल्या, 'तुमचं माहेर कुठलं?' शिकलो होतो की क्लायंटनं खाजगी प्रश्न विचारला तर आधी स्वतःला विचार, याचं उत्तर देण्यात हित कुणाचं? आणि मग प्रश्न हळुवारपणे परत कर. मी हळुवारपणे परत केला. म्हटलं, 'माझ्याविषयी जाणून घ्यावंसं वाटतंय का तुम्हाला?' त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हिला ऐकू कमी येतं की काय. 'अगो, माहेर विचारलं.' सांगली, मी म्हणाले. 'मग ठीक,' त्या म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. सुपरव्हिजनमध्ये मी हे कबूल केलं तेव्हा पंधरा मिनिटं चर्चा झाली. माहेर सांगणं म्हणजे 'सेल्फ-डिस्क्लोजर' की नुसती ओळख? माझं म्हणणं, माहेर सांगितल्याशिवाय मराठी बाईला खुर्चीवर बसल्यासारखंच वाटत नाही. सुपरव्हायजरनं ते लिहून घेतलं. मी वाद जिंकले की माझ्यावर नोंद झाली, कळलं नाही.

पण खरी फजिती भाषेनं केली, आणि तीही स्वतःच्या. नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, पीएचक्यू-9. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, शून्य ते तीन. सगळ्यांची बेरीज जास्तीत जास्त 27. मी मराठीतून विचारत गेले. उदास वाटतं का? 'उदास कशाला? सगळं आहे की.' शून्य. झोप? 'झोप कुठली, दोनला डोळा उघडतो तो उघडाच.' तीन. भूक, थकवा, एकाग्रता, प्रत्येकाचं थोडंथोडं. बेरीज आठ. दहाला पोचली की क्लिनिकमध्ये जरा कान टवकारतात. आठ म्हणजे तसं सौम्यच. फॉर्म संपला, मी पेन ठेवलं, आणि त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, 'करमत नाही गं.' आता हे मी कुठल्या चौकटीत घालू? बोअर होतं असं नाही, एकटं वाटतं एवढंच नाही, डिप्रेस्ड तर त्या म्हणतच नाहीत. घर स्वच्छ, नातवंडं गोड, फ्रीज भरलेला, आणि करमत नाही. निदानाच्या जाडजूड पुस्तकात, डीएसएममध्ये, मागे एक यादी आहे, निरनिराळ्या लोकांच्या दुःखाच्या खास शब्दांची. त्यात झिम्बाब्वेतल्या शोना भाषेतला एक शब्द आहे, कुफुंगिसिसा, फार विचार करणं. तो वाचून मी ओळखीचं हसले होते. 'लई विचार करते, म्हणून डोकं धरलंय' हे आमच्याकडे प्रत्येक गल्लीत एका तरी बाईविषयी बोललं जातं. 'करमत नाही' त्या यादीत नाही. मी समासात देवनागरीत लिहिलं. कॉम्प्युटरनं ते चौकोन चौकोन करून ठेवलं.

आणि 'वाटतं'! आल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीत पहिली पायरी म्हणजे घटना वेगळी, तिच्याविषयीचा विचार वेगळा आणि त्यातून उठलेली भावना वेगळी, असे तीन रकाने पाडायचे. मॅनहॅटनमध्ये पूर्व 65व्या रस्त्यावरच्या आपल्या संस्थेत हा एलिस शुक्रवारी संध्याकाळी भर सभेत लोकांना स्टेजवर बोलवायचा आणि त्यांच्या 'असंच झालं पाहिजे'ची सालं काढायचा. मुंबईच्या किशोर फडक्यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि त्याचा विचार मराठीत रुजवला, हे मराठी वाचकांना सांगायला नको; मला स्वतःला तो आधी मराठीतूनच कळला होता, कॉलेजात, वाचनालयाच्या पुस्तकातून. पण तेव्हा तो स्वतःवर वापरायचा होता. दुसऱ्याच्या तोंडून येणारं मराठी तीन रकान्यांत टाकायची वेळ आली आणि मी अडकले. काकू म्हणाल्या, 'मला वाटतं, मी ओझं झालेय.' हा विचार की भावना? इंग्रजीत 'आय थिंक' म्हणाल्या असत्या तर दुसरा रकाना, 'आय फील' म्हणाल्या असत्या तर निदान त्यावर बोलता आलं असतं. मराठीत दोन्हीला एकच क्रियापद. त्यातही 'मी' तिथे कर्ताच नाही. मला वाटतं, म्हणजे ते माझ्याकडे येतं, ऊन लागावं, ठसका लागावा तसं. अर्धा तास मी त्या एका शब्दाशी झोंबत होते. त्यांनी शेवटी माझी कीव येऊन विचारलं, 'तुला काय पाहिजे ते तरी सांग, तसं म्हणते.'

मला कधीकधी वाटतं (पुन्हा तेच!) की आपली भाषा आळशी नाही, ती मुद्दाम तिथे फट ठेवत नाही. पण हे मी परीक्षेत लिहिलेलं नाही.

कुटुंबाच्या पेपरात आपलाच जीनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशा, काढायचा असतो. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, मेलेल्यावर फुली, भांडणाला नागमोडी रेघ, फार गुंतलेल्यांना तीन समांतर रेघा. वर्गातल्या मुलांचे कागद सुटसुटीत होते. माझ्या कागदाला खालून दुसरा कागद चिकटवावा लागला, आणि तीन-तीन रेघांनी तो सतरंजीसारखा दिसायला लागला. मी ऐटीत होते. मग आत्यापाशी आले. आत्या लग्नानंतर आठ महिन्यांनी परत आली ती पुढची एकतीस वर्षं आमच्याच घरात, माजघरामागच्या खोलीत राहिली. घटस्फोटाला दोन तिरक्या रेघा असतात, नुसतं वेगळं राहायला एक. कागदावर काही झालेलंच नव्हतं, म्हणून एक रेघ मारली. प्रोफेसरबाईंनी विचारलं, 'ती परत का आली?' आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. आईला माहीत नाही. बाबांना, सख्ख्या भावाला, माहीत नव्हतं. बाईंनी समासात लिहिलं, 'कटऑफ?' म्हणजे संबंध तुटलेले का? छे. ती रोज अकरा माणसांचा चहा करायची. कुणाचा बिनसाखरेचा, कुणाचा कडक, कुणाला बशी लागते, सगळं तिला पाठ. त्याला चिन्ह नाही.

'पूर्वी एकत्र कुटुंबं होती, मन मोकळं करायला घरात माणूस होतं, म्हणून कौन्सेलर लागत नव्हते' असा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतो, सूर्योदयाच्या चित्रासकट. मी उत्तर देत नाही. आत्याला घरात माणसं होती. सल्लाही भरपूर मिळाला. देवाचं कर, शिवणाचा क्लास लाव, मन रमव, जे झालं ते गंगेला मिळालं. दुपारी भांडी घासून झाली की ती मागच्या पायरीवर बसायची. उन्हानं पायरी तापलेली असायची, तरी बसायची. मी शेजारी बसून चिंचोके खेळायचे. माझा हुंकार इतका चांगला होता, पण तिनं गोष्ट सुरू केली नाही आणि मी विचारलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीनं काय विचारायचं, हे खरं. पण मग मी एकोणीस वर्षांची झाले, एकोणतीसची झाले, दर सुट्टीला जात होते, तेव्हाही नाही विचारलं. तिच्यासाठी अमेरिकेहून स्वेटर नेले.

गोपनीयतेचा पाठ इथे एका खटल्यावरून शिकवतात, तारासोफ. कौन्सेलर होऊ पाहणारा प्रत्येक अमेरिकन विद्यार्थी तो घोकतो. 1969 साली बर्कलीत वीस वर्षांच्या तत्याना तारासोफचा खून झाला. मारणाऱ्यानं आपला बेत आधी विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या थेरपिस्टला सांगितला होता. पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन सोडलं, पण तिला कुणीच सावध केलं नाही. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जिथे दुसऱ्याच्या जिवाला धोका सुरू होतो तिथे गुपित राखण्याचा हक्क संपतो. वर्गात हे चालू असताना मी वहीत डोकं घालून बसते, कारण मारणाऱ्याचं नाव प्रसेनजित पोद्दार. खरगपूरहून जहाजांचं इंजिनिअरिंग शिकायला आलेला बंगाली मुलगा. न्यू इयरच्या रात्रीच्या एका चुंबनाचा त्यानं स्वतःच्या हिशेबानं अर्थ लावला. त्याची कड घेण्याचा प्रश्नच नाही. मेली ती मुलगी. तरी दर वेळी माझ्या मनात येतं की त्याच्या फाईलमध्ये कुणीतरी काय लिहिलं असेल, आणि त्याच्या तोंडचा मूळ शब्द कुठला असेल. वर्गात एका मुलानं एकदा सहज माझ्याकडे वळून विचारलं, 'तुमच्याकडे हे कसं बघतात?' तुमच्याकडे म्हणजे खरगपूरला की सांगलीला, हे मी विचारलं नाही.

आणि तासांचा हिशेब. एक्सेलची शीट, प्रत्येक सेशनचे 0.75. क्लायंट आला नाही तर 'डायरेक्ट'च्या रकान्यात शून्य. हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही म्हणून मी सांगते: फेब्रुवारीत बर्फ पडला आणि एका दिवसात चौघांनी सेशन रद्द केली, तेव्हा त्यांची काळजी वाटण्याआधी मला माझे तीन तास दिसले. रात्री त्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शीट उघडली. सेशननंतर नोट लिहायची असते, आणि ती अशी की विमा कंपनीला कळावी: क्लायंट वेळेवर आली, मनःस्थिती उदास, भावना प्रसंगाला अनुरूप, स्वतःला इजा करण्याचा विचार नाकारते, पुढील सेशन गुरुवारी. अख्खं माणूस सहा ओळींत बसतं. आमच्या क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशीच बजावतात की जे नोटमध्ये नाही ते घडलंच नाही.

तर डबा.

भेटवस्तूंचा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी पूर्ण मार्क मिळवले होते. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या 2014 च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे: भेटीची किंमत बघा, देणाऱ्याचा हेतू बघा, आणि काही संस्कृतींत छोटी भेट म्हणजे आदराची खूण असते हे लक्षात असू द्या. म्हणजे नियम मला अडवत नव्हताच. 'काही संस्कृती' म्हणजे तर मीच. तरी तो हात पुढे आला तेव्हा मी त्या संस्कृतीतली राहिले नाही, परीक्षेला बसलेली बाई झाले. सुपरव्हायजरचा पहिला प्रश्न होता, 'खाल्लास का एक?' ही मूळची गयानाची. पणजोबांना ऊसमळ्यावर कामाला म्हणून नेलं होतं. घरातून भाषा गेली, पण 'लाडू' हा शब्द राहिला. मी म्हटलं, नाही. तिनं त्या सेशनची टेप लावली. तिला मराठी ओ की ठो कळत नाही, पण डब्याच्या वाक्यापाशी तिनं बटण दाबून थांबवलं. 'इथे तुझा आवाज बदलतो. एअरपोर्टवर अनाउन्समेंट करणाऱ्या बाईसारखा होतो.' तीनदा ऐकवलं. मला तिसऱ्यांदा कान बंद करावेसे वाटले. मग ती म्हणाली, नोटमध्ये लिही, ऑफिसात सगळ्यांना वाट, पुढच्या वेळी साधं थँक्यू म्हण. डब्यावर नाव होतं, म्हणून लाडू कागदी ताटलीत काढून ठेवले, आणि डबा फाईलींच्या कपाटात कुलपात. पण फाईलींच्या कपाटात बेसनाचा वास सुटला, तेव्हा तिथल्या बाईनं तो माझ्या हातात आणून दिला. घरी आणून घासला. असा तो बरण्यांमागे आला.

पुढचे दोन गुरुवार काकू आल्या नाहीत. शून्य आणि शून्य. तिसऱ्या गुरुवारी आल्या, गुडघ्याचं कारण सांगितलं. मी म्हटलं, 'लाडू फार छान होते काकू, आणि त्या दिवशी मी जे बोलले ते...' त्यांनी हात झटकला. 'असू दे गं. नोकरी आहे तुझी.' मला वाटतं, राग नव्हता. त्या दिवशी त्यांनी सुनेविषयी पहिल्यांदा खरं खरं सांगितलं, आणि मी फक्त हुंकार दिला. दोन गाड्या येऊन गेल्या. डबा माझ्या पिशवीतच होता, पण तो मी काढला नाही, कारण रिकामा होता. त्या पुढच्या गुरुवारीही नेला आणि परत आणला. सांगलीला फोनवर आईला इतकंच सांगितलं की एकांचा डबा राहिलाय. 'रिकामा देऊ नकोस हं.' मी म्हटलं, मला काही द्यायची परवानगी नाही. 'चिमूटभर साखर घाल.' अगं, तेही चालत नाही, त्याला गिफ्ट म्हणतात. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. 'साखरेला कोण गिफ्ट म्हणतं?' मग थोडं थांबून तिनं विचारलं, 'तुझ्याकडे येणाऱ्या बायका बोलतात का गं सगळं?' मी म्हटलं, कधीकधी. 'आत्याला आमच्या असं कुणी मिळालं असतं,' ती म्हणाली, आणि लगेच दुधाचं काहीतरी निघालं.

मेमध्ये इंटर्नशिप संपते. क्लायंटचा निरोप घेण्याचे तीन-चार आठवडे असतात, त्याला शब्द आहे 'टर्मिनेशन'. कंपनीनं मला पाठवलेल्या मेलमध्येही हाच होता. काकूंची फाईल एका गुजराती मुलीकडे जाणार होती. हिंदीवर भागवू, असं ठरलं. शेवटच्या गुरुवारी मी सकाळी डबा पुसला, नाव पुन्हा वाचलं, आणि नवरा आंघोळीला गेलेला असताना एक चमचा साखर घातली. झाकण घट्ट बसवलं. सुपरव्हायजरला विचारलं नाही.

सेशन संपल्यावर तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी उघडला नाही. कानाशी नेऊन हलकेच हलवला, आत सर्रकन आवाज झाला, आणि माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, 'हं.'

नोट पाचच ओळींची झाली. निरोपाविषयी चर्चा केली, क्लायंट भावुक, पुढील कौन्सेलरची माहिती दिली, धोका नाही. शेवटची ओळ: क्लायंटचं भांडं परत केलं.

साखरेचं लिहिलं नाही.